दर्या बरा होता

‘डोक्याला दुखापत झाल्याची नोंद आढळत नाही.’ हे वाक्य मला इतकं पाठ झालं होतं की खात्याचं पाकीट फोडायच्या आधीच मी ते आईला म्हणून दाखवायचे. माझा धंदा टायपिंगचा. ठाण्याला कोर्टाबाहेर टेबल टाकून मी बसायचे, आणि लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे दाखले बडवायचे. सरकारी भाषेशी माझी रोजची उठबस, त्यामुळे कुठलं वाक्य कुठे खोटं बोलतंय ते मला लगेच कळायचं. हे वाक्य खोटं नव्हतं, आणि पंचाईत तीच होती. माझ्या भावाच्या डोक्याला खरोखरच कधी काही लागलं नव्हतं.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या लष्करी वेगवान बोटींवर त्यानं चौदा वर्षं सुकाणू धरलं. खात्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहून काही उपयोग नाही, आणि तिथे एकदोन माणसं चांगलीही भेटली, त्यांना उगाच त्रास नको. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याला मोठ्या रजेवर घरी पाठवलं, तेव्हा सोबत एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की सदर इसमाचा स्वभाव सेवेस योग्य आहे किंवा नाही, याचा निर्णय वैद्यकीय बोर्ड घेईल. धक्क्यावर कुणीतरी शिट्टी फुंकली म्हणून त्यानं एका साहेबाला ढकललं होतं. ज्या माणसानं आयुष्यात मांजराला दगड मारला नाही, त्याच्याबद्दल तो कागद होता.

पुढचं समजायचं तर आमच्या घरची एक गोष्ट आधी सांगावी लागेल. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही.

आम्ही ठाण्याच्या कोपरीचे कोळी. वडील तांडेल होते, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द चाले आणि सुकाणू त्यांच्या हातात असे. आमच्या घरात एक नियम होता, मीठभाकरीइतका रोजचा. दर्याला वाईट म्हणायचं नाही. वारा सुटलेला असो, लाटा धक्क्यावर चढत असोत, कुणी विचारलं दर्या कसा आहे, तर उत्तर एकच, बरा आहे. जायचं नसेल तर खुशाल जाऊ नका, होडी वर ओढून ठेवा, जाळी विणत बसा, पण तोंडानं त्याला नाव ठेवू नका. ज्याच्या जिवावर जेवायचं त्याची निंदा करायची नाही, असं आई म्हणायची, आणि हे सांगताना तिचा आवाज देवघरातला व्हायचा.

मी आठ वर्षांची होते. एका सकाळी वडिलांना शिदोरी द्यायला मी आणि दादा धक्क्यावर गेलो. आभाळ शिशासारखं झालेलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, “बाबा, आज दर्या वाईट हाय.” होडीवरचे दोघे खलाशी हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि होडी लोटली. खाडीच्या मुखाबाहेर कुठेतरी ती उलटली. खलाशी पोहून परत आले, वडील आले नाहीत.

दहाव्या दिवशी त्यातला एक खलाशी आईजवळ बोलून गेला की निघताना पोरांपैकी कुणीतरी दर्याला वाईट बोललं होतं. कोण ते त्याला आठवत नव्हतं. आईनं आम्हाला दोघांना समोर उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “मी बोललो.” आईनं त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं त्याला खाडीवर नेलं, कमरेइतक्या पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी घ्यायला लावलं, आणि पुन्हा कधी दर्याला वाईट म्हणणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी काठावर त्याचा कोरडा सदरा धरून उभी होते. त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर चार थपडांत भागलं असतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे ते सांगण्यासारखं राहिलंच नाही, आणि दादानंही तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. आठ आणि बारा वर्षांच्या पोरांनी केलेला तो करार होता.

वर्दी मिळाली तेव्हा आळीतल्या लोकांनी त्याला हार घातला होता. कोळ्याच्या पोराला सरकारनं सुकाणू दिलं म्हणून. रजेवर यायचा तेव्हा तो आईला स्वयंपाकघरात उभा राहून दाखवायचा, बोट कशी चालवतात ते. गुडघे वाकवून, दोन्ही हात पुढे, दातात घडी घातलेला रुमाल. रुमाल कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, जीभ चावली जाते. ती बोट पाण्यातून जात नाही, पाण्यावरून आपटत जाते. प्रत्येक लाटेवरून उडते आणि पलीकडे माचीवरून पडल्यासारखी खाली येते. पहाऱ्याचे तासन् तास असं पडत राहायचं. मी हसले होते. म्हणाले, मग तुम्ही बोट चालवता की पोहे कांडता? तोही हसला. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

त्यानं मला फार नंतर सांगितलं की शेवटच्या पाच-सहा वर्षांत किनाऱ्यावर उतरल्यावर त्याला एकाची दोन माणसं दिसायची, आणि तो मागे जाऊन ओकायचा. डॉक्टरकडे गेला नाही. कोळ्याच्या पोराला बोट लागली, हे कोण कुणाला सांगणार? वर्दीतले बाकीचे घाटावरचे, देशावरचे. ते ओकले तर कुणी काही म्हणत नसे. याला सगळे तांडेल म्हणायचे, आणि तांडेलानं ओकायचं नसतं.

घरी आला तो हा माणूस नव्हताच. उजेडाकडे बघितलं की डोळे मिटायचा. भांडं पडलं की दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसायचा, आणि मग ज्याच्या हातून पडलं त्याच्यावर धावून जायचा, आणि मग रडायचा. वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा. एकदा कोपरीच्या पुलावर तासभर उभा होता, घराकडे कुठल्या बाजूला उतरायचं ते आठवेना. जन्म गेला त्या पुलाखाली. चालताना तोल जायचा, म्हणून आळीनं ठरवून टाकलं की हा पितो. माझा दादा ताडीसुद्धा शिवत नसे. आईनं मीठमिरच्या उतरल्या, एका बाईकडून अंगारा आणला. मी चिडायचे, पण रोखलं नाही. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

कोपरीचं घर स्टेशनाला चिकटून. गाडीची प्रत्येक शिट्टी त्याच्या डोक्यातून जायची. म्हणून मी डोंबिवलीला, वस्ती संपते तिथल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आई खाडी सोडून यायला तयार नव्हती. आली, पण येताना मासे कापायची विळी घेऊन आली आणि ती शेवटपर्यंत गाठोड्यातून बाहेर काढली नाही. मी खिडक्यांना काळं रेक्झिन ठोकलं. कुकर माळ्यावर टाकला, भात पातेल्यात. स्टीलच्या ताटांऐवजी केळीची पानं, नाहीतर प्लास्टिकच्या थाळ्या. टाइपरायटरवर तर बंदीच होती. त्याच्यासाठी करायचे अर्ज मी त्याच्यापासून दूर, कोर्टाबाहेर बसून बडवायचे, दुसऱ्यांच्या भांडणांच्या मधल्या वेळात. डोंबिवलीत तेव्हा वीज सारखी जायची. वीज गेली की अख्खी इमारत शिव्या द्यायची आणि आमच्या घरात तिघंही जरा सैल होऊन बसायचो.

तो दोनदा बाहेर पडून हरवला, तेव्हापासून मी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावू लागले. आत आई आणि तो. संध्याकाळी जिना चढताना मला रेक्झिनच्या फटीतून त्याची बोटं खिडकीच्या गजांवर दिसायची. एकदा त्यानं आतून अगदी शांतपणे विचारलं, “किल्ली कुणाकडे असते?” मी म्हणाले, माझ्याकडे. तो म्हणाला, “मग तू पण अडकलीस की.” वेड्या माणसाला हे सुचत नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तिथून माझ्या अर्जांना धार आली. त्या वर्षी मला आलेलं शेवटचं स्थळ आई मोडायला तयार नव्हती. मीच मोडलं. कुलपाबद्दल पाहुण्यांना काय सांगायचं?

खात्याच्या दवाखान्यात त्याला मनोविकाराच्या विभागात नेलं. गोळ्या दिल्या. त्या घेऊन तो दिवसभर लाळ गाळत झोपायचा, आणि उठला की सगळं होतं तिथेच असायचं. मी म्हणाले, याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तिथला कारकून म्हणाला की त्यासाठी दुखापतीची नोंद लागते. मी विचारलं, नोंद कोण करतं? तो म्हणाला, ज्याला दुखापत झाली तो कळवतो. झालं. विहिरीत पडलेल्यानं आधी वर येऊन अर्ज करायचा.

ज्यांनी पहिला शहाणा प्रश्न विचारला ते डॉक्टर मला डोंबिवलीतच भेटले. मेंदूचे डॉक्टर, आठवड्यातून एकदा एका दवाखान्यात येऊन बसायचे. बाकी सगळे विचारत, डोक्याला मार कधी बसला? त्यांनी विचारलं, डोकं किती वर्षं हादरलं? दादानं उठून त्यांना ते गुडघे वाकवून उभं राहणं दाखवलं. रुमाल खिशातून काढून दातात धरला. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मग मला म्हणाले, “ताई, नारळ वाजवून बघता ना तुम्ही? बाहेर चीर नसते, तरी आतला गोटा सुटलेला असतो.” मी आयुष्यभर नारळ वाजवून घेतले होते. मला त्याहून जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यांनी पत्र दिलं. हा स्वभाव नव्हे, मेंदूचा आजार असण्याचा दाट संभव आहे. मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांत असं आढळतं. याला मेंदूच्या वॉर्डात ठेवून डोळे, तोल, स्मरण, झोप या सगळ्याची एकत्र तपासणी व्हावी, आणि अशा बोटी चालवणाऱ्या प्रत्येकाची वेळच्या वेळी व्हावी. ही सोय खात्याच्या मोठ्या इस्पितळात होती. बाहेर कुठे असली तरी आमच्या आवाक्यात नव्हती. म्हणजे सगळं बोर्डावर आलं. बोर्डानं ‘स्वभावदोष’ लिहिलं तर नोकरी जाणार आणि त्या वॉर्डाचं दार कायमचं बंद होणार. ‘मेंदूचा आजार, सेवेमुळे’ लिहिलं तर दार उघडणार. दादाचं उरलेलं आयुष्य त्या दोन शब्दांच्या मध्ये टांगलेलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की बोर्ड पुरावा मागेल. समुद्र किती खराब असायचा याची बोटीवर रोज नोंद होत असेल, ती मागवा. मी मागवली. अर्जावर अर्ज केले, तीन कार्बन घालून. ‘सादर विनंती की’ पासून ‘न्याय मिळावा’ पर्यंत मला येत होतं ते सगळं वापरलं. कोर्टाबाहेरचे वकील माझी चेष्टा करायचे, की बाई, तुझ्या अर्जांची थप्पी रचली तर कोर्टाला आणखी एक मजला चढेल. एक दिवस कल्याणहून एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिचा नवरा त्याच बोटींवर होता आणि घरी भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिनं कुणाकडून तरी माझ्याबद्दल ऐकलं होतं. आम्ही दोघींनी मिळून अर्ज केला, एकट्या दादासाठी नव्हे, बोटींवरच्या सगळ्यांसाठी. सही करताना तिनं दोनदा पेन खाली ठेवलं. नवऱ्याची पेन्शन चालू होती, ती बंद पडेल अशी तिला भीती होती. मी तिला म्हणाले, घाबरू नका, नोंदवह्या येऊ देत, त्यात सगळं असेल. मी इतक्या खात्रीनं बोलले की तिनं माझा हात धरला.

बोर्डाची तारीख आली. मुंबईला जायचं होतं. त्याला गाडीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून पहाटे टॅक्सी केली. त्याच्या डोळ्यांवर आईच्या लुगड्याची घडी बांधली होती. आई बरोबर होती, कारण तिचा हात पाठीवर असला की तो बसून राहायचा. माजिवड्याचा नाका ओलांडला आणि टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी त्याचे कान दाबून धरले. मला आठवतं, मी तेव्हाही मनात भाषणच घोकत होते.

खोलीत तीन अधिकारी होते. त्यांनी आपणहून पडदे ओढून घेतले, हे मला सांगितलंच पाहिजे. मधले, पांढऱ्या मिशांचे, थोडं मराठी बोलत. त्यांनी डोंबिवलीच्या डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि म्हणाले की पत्र विचार करण्यासारखं आहे, आता नोंदी बघू. टेबलावर वह्या होत्या. त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, मग तिसरी. मग एक वही माझ्याकडे सरकवली.

दादाचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. तारीख, वेळ, बोटीचा वेग, आणि समुद्राच्या स्थितीच्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द, फेअर. पान उलटलं, फेअर. ऐन पावसाळ्याची पानं काढली, फेअर. चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी सगळ्या किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा लागला होता, मला तो दिवस आठवत होता. त्या दिवशीही फेअर. चौदा वर्षं तो लाटांवर आपटत राहिला, आणि रोज खाली उतरून लिहीत राहिला की दर्या बरा होता.

पांढऱ्या मिशांच्या साहेबांनी विचारलं की हे तुमचंच अक्षर आहे ना. दादा म्हणाला, हो. त्यांनी विचारलं की समुद्र खरोखरच असा होता का. दादाच्या पाठीवर आईचा हात होता. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

“बरा होता, सर.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. वीस वर्षांहून जास्त काळ जे दातांमागे धरलं होतं ते मी उभी राहून बोलले, आईसमोर, त्या तीन परक्या माणसांसमोर. मी म्हणाले की साहेब, दर्या वाईट होता, रोज वाईट होता, पण आमच्या घरात तसं म्हणत नाहीत. लहानपणी मी म्हटलं होतं आणि माझा बाप बुडाला. यानं माझा आळ स्वतःवर घेतला आणि खाडीत उभं राहून शपथ घेतली. म्हणून यानं कधी लिहिलं नाही. चूक माझी आहे, शिक्षा याला देऊ नका.

मला वाटलं, सुटले. मग दादा उठला. त्याचा तोल गेला, त्यानं टेबल धरलं.

“ती नाय बोलली,” तो म्हणाला. “मी बोललो. बाबा जेला तो माज्या तोंडानं जेला.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो मला वाचवत नव्हता. वाचवताना त्याची नजर कशी असते ते मला माहीत होतं. मी आठ वर्षांची असताना ती बघितली होती. आता त्या नजरेत काही लपवलेलं नव्हतं. खरं काय झालं ते त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं आणि त्याच्या जागी फक्त ते खोटं राहिलं होतं, शपथेसकट. तो लहान पोरासारखा रडायला लागला, आणि त्या साहेबांना सांगायला लागला की मी बोललो आणि बाबा गेला, मग मी कसं लिहू सर, बोटीत आणखी चार पोरं असायची, मी लिहिलं असतं आणि ती गेली असती तर?

मी पुन्हा म्हणाले की नाही, मीच बोलले होते. आई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया होती.

“गप ऱ्हा पोरी,” ती म्हणाली. “भावासाठी आसं खोटं बोलू नये.”

साहेबांनी वह्या मिटल्या. तिघे आपसात इंग्रजीत बराच वेळ बोलले. मला टायपिंगपुरतं इंग्रजी येत होतं, त्यातलं एवढं कळलं की या रकान्यावर आता विसंबता येणार नाही. मग त्यांनी लिहिलं. बाहेर आल्यावर मी कागद वाचला. मेंदूच्या विभागात दाखल करावे, विशेष बाब म्हणून. दार उघडलं होतं. माझ्या एकाही अर्जानं नव्हे, कार्बनच्या तीन प्रतींनी नव्हे. त्याच्या रडण्यानं.

तिथे तो सात महिने होता. त्याला रंगीत चष्मा दिला, तोल सावरायला रेघेवर चालायला शिकवलं, आणि एक वही दिली, दिवसभरात काय झालं ते लिहायची. परत आला तो पूर्वीचा दादा नव्हता, पण घराला बाहेरून कुलूप लावायची गरज राहिली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन तो परत यायचा आणि काय आणायला गेलो होतो तेही बहुतेक वेळा आठवायचं. मी खिडक्यांवरचं रेक्झिन काढलं. कल्याणच्या बाईचा नवरा मात्र भिंतीकडे तोंड करूनच राहिला. आमचा दोघींचा अर्ज, बोटींवरच्या सगळ्यांसाठी केलेला, विचाराधीन असल्याचं पत्र आलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच आलं. बाकीच्या बोटींवरच्या वह्यांत काय लिहिलेलं होतं मला माहीत नाही. ‘विशेष बाब’ या शब्दांचा मला तेव्हा आनंद झाला होता. त्याचा अर्थ बाकीचे नाहीत असा होतो, हे टायपिस्टच्या लक्षात यायला हवं होतं. त्या बाईच्या नजरेला नजर द्यायला मी पुढे टाळाटाळ करायचे. मी अर्ज करायचे मात्र थांबले नाही, थांबता येत नव्हतं.

आई नव्वदच्या दशकाच्या मध्याला गेली. जाईपर्यंत तिचा समज तोच राहिला, की मुलानं बापाला घालवलं आणि मुलगी इतकी चांगली की त्याच्यासाठी खोटं बोलली. शेजारणींना ती कौतुकानं सांगायची. मी काय करणार होते?

तिचे दिवस झाल्यावर मी आणि दादा कोपरीला खाडीवर गेलो. पाणी काळं पडलेलं, होड्या उलट्या घालून ठेवलेल्या. दादानं चष्मा काढला, वाकून पाण्यात हात बुडवला आणि डोळ्यांना लावला. मग काठावर बसून वही काढली. त्या वहीत त्याला इस्पितळात वही देणाऱ्या बाईंनी जुन्या आठवणीही लिहायला सांगितल्या होत्या, आणि पहिल्याच पानावर ते होतं. मी बोललो म्हणून बाबा गेला. मोठ्या अक्षरात, विसरू नये म्हणून खाली दोन रेघा ओढलेल्या.

मी त्याच्याजवळ बसले. म्हणाले, दादा, हे खोड. ती मी होते. तू बारा वर्षांचा होतास, तू माझ्यासाठी खोटं बोललास. मी काठावर तुझा सदरा धरून उभी होते. तुला आठवत नाही, पण मला सगळं आठवतं.

त्यानं माझं नीट ऐकून घेतलं. तो पूर्वीसारखाच ऐकून घ्यायचा. मग त्यानं वही मिटली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तू लहान होतीस गं,” तो म्हणाला. “तुला काय आठवणार.”